बेटिंगचे पैसे नक्की कोणाचे

"वहिनी, समजा एखाद्याने परदेशातल्या साइटवर क्रिकेटच्या ऑनलाइन बेटिंगमध्ये पैसे जिंकले, तर त्यावर इथे टॅक्स भरावा लागतो का?"

रविवारची दुपार होती. निशी-कसाईच्या आमच्या घरात जेवणं उरकून आम्ही चौघं आम्रखंड खात होतो. माझ्या नवऱ्याच्या मित्राने वाटीतून मान वर न करता हा प्रश्न विचारला, अगदी सहज. सहज वाटावा म्हणून जरा जास्तच सहज. त्याचं वाक्य संपायच्या आत माझा नवरा पाणी आणायला उठला. पाण्याचा जग टेबलावरच होता.

हे दोघं इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे मित्र. पुण्यातल्या एकाच कंपनीने दोघांना टोकियोला पाठवलं होतं. त्या वर्षांत सॉफ्टवेअरवाल्यांची अशी रीघच लागली होती. आमच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी मराठी, तेलुगू, तमीळ सगळं कानावर पडायचं. आम्ही निशी-कसाईत राहायचो, मित्र आणि त्याची बायको त्याच रेल्वेलाइनवर नदीपलीकडे इचिकावात. मित्राला मी भाऊजी म्हणायचे. त्यांची बायको माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणणारी, कमी बोलणारी.

प्रश्न मला विचारण्याचं कारण होतं. पुण्यात लग्नाआधी मी एका सीएच्या ऑफिसात काम करत होते. इथे आल्यावर दोन वर्षं जपानी भाषेत डोकं घातलं आणि फुनाबोरीत एका कर सल्लागार बाईंकडे बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळवलं. बाई साठीच्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, मीही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रिटर्न भरायच्या दिवसांत भारतीय लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि येणाऱ्यांना जपानी, म्हणून मध्ये मी.

"लागतो," मी म्हटलं. "पण कोण जिंकलंय?"

"मित्र आहे एक."

"कुठला?"

"ऑफिसातला."

"इंडियन?"

"हो. म्हणजे... नाही, जपानीच."

"जपानी माणूस जपानचा टॅक्स तुम्हाला विचारतोय?"

भाऊजी हसले, पण हसू गालांपर्यंतच पोचलं. नवरा दुसरा जग घेऊन आला. भाऊजींची बायको शांतपणे वाटीतलं आम्रखंड संपवत होती. तिच्याकडे मी त्या दिवशी नीट पाहिलंसुद्धा नाही.

"आणि टॅक्स नंतर," मी म्हटलं. "आधी इथे ते कायद्यात बसतं का, ते त्या मित्राला बघायला सांगा."

विषय तिथेच तुटला. पण माझ्या डोक्यात तो सुरू झाला तो सुरूच राहिला.

पहिला संशय अर्थातच भाऊजींवर. पण दोन-चार दिवसांत तो सरकत सरकत माझ्याच घरात आला. एका संध्याकाळी कामावरून येऊन कॉम्प्युटर उघडला, तर आधी पाहिलेल्या पानांची सगळी यादी पुसलेली. आमच्या घरात असलं काही कोणी पुसत नसे. पुसण्यासारखं असायचंच काय, भारतातल्या बातम्या आणि रेल्वेचं वेळापत्रक. मग नवरा फोन घेऊन गॅलरीत जायला लागला. थंडीत, स्वेटर न घालता. आणि मग एका सकाळी डबा भरताना त्याने विचारलं, "माझ्या पुण्याच्या बँकेचं पासबुक कुठे आहे गं?"

"कशाला?"

"असंच. खाते क्रमांक हवाय."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? मला."

पुण्याच्या त्या खात्याकडे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मी पासबुक दिलं नाही. सापडत नाही म्हणाले. ते कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीतच होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी ते तिथून काढून माझ्या साड्यांखाली ठेवलं. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली बाई नवऱ्याचं पासबुक लपवते, याचं मला स्वतःलाच नवल वाटत होतं.

ऑफिसात सेन्सेईंना विचारावं की नाही, असं बरंच घोळवलं. शेवटी दुपारच्या चहाला विचारलं. "माझ्या एका ओळखीच्या माणसाने..." अशी सुरुवात केली.

सेन्सेईंनी चष्मा काढला. "ओळखीचा माणूस," त्या म्हणाल्या. "बरं. बोल."

मी सांगितलं: परदेशातली वेबसाइट, क्रिकेटचे सामने, जिंकलेले पैसे बहुतेक अजून साइटवरच, आता काढायचे असावेत.

सेन्सेईंनी जे सांगितलं ते मी तिथेच पाठ केलं. जपानमध्ये घोड्यांच्या सरकारमान्य शर्यती, लॉटरी असे काही अपवाद सोडले तर पैसे लावून खेळणं हा गुन्हा. साइट परदेशात आहे, पण बटण दाबणारा इथे बसलाय. पोलीस अजून घराघरांत शिरून असलं शोधत नाहीत, एवढंच. पण म्हणून ते माफ आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. त्याबद्दल नीट सल्ला हवा तर वकिलाकडे जा. आणि कर? कर वेगळी खिडकी. अवचित मिळालेलं उत्पन्न म्हणून तो धरतात. पाच लाख येन वजा, उरेल त्याचं अर्धं उत्पन्नात मिळवायचं. जिंकलेल्या डावाला लावलेले पैसे वजा होतात, हरलेले डाव होत नाहीत.

"हरलेले नाहीत?"

"नाहीत. वर्षभर हरत राहिला आणि एकदाच जिंकला, तरी कर जिंकण्यावर." मग थांबून त्यांनी विचारलं, "हा तुझा ओळखीचा माणूस नोकरी करतो?"

"हो."

"मग रहिवासी कर वाढला की कंपनीला कळेल. तो कंपनीच पगारातून कापून भरते. पगार तेवढाच आणि कर जास्त, असं दिसलं की पगार करणारी मुलगी सुद्धा विचार करते, हे आलं कुठून." आणि अगदी मृदू आवाजात, "तुझा नवरा बरा आहे ना?"

मी बरा आहे म्हणाले.

त्या आठवड्यात मी घरी विचारलंच. सरळ. "तू बेटिंग करतोस का?"

नवरा बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, तसाच उभा राहिला. "मी? वेडी झालीस का?"

"यादी कोण पुसतं? पासबुक कशाला हवं होतं?"

त्याने हातातला बूट खाली ठेवला. "मी नाही करत. एवढंच सांगू शकतो. त्याने मला शपथ घातलीय."

म्हणजे भाऊजीच, असं मी धरून चालले. तू दुपारी लवकर येऊन त्याला आपल्या कॉम्प्युटरवर बसू देतोस, त्याचे पैसे आपल्या पुण्याच्या खात्यात आणणार होतास, असं मी एकेक बोलत गेले आणि तो एकेक गोष्टीला खाली बघत गेला. नाही म्हणाला नाही. माझा राग भाऊजींपेक्षा याच्यावर जास्त. दुसऱ्याचे जुगाराचे पैसे स्वतःच्या नावावर घ्यायला निघाला होता, आणि तेही मला न सांगता. पण खरं सांगायचं तर त्यातही शंका उरलीच होती. शपथ भाऊजींनी घातली, हेही तोच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी इचिकावाला गेले. भाऊजींच्या बायकोला सावध करायचं, असं ठरवूनच. ती बिचारी दिवसभर घरात, भाषा येत नाही, नवरा उशिरा येतो. तिच्या पाठीमागे काय चाललंय ते तिला कोणी तरी सांगायला हवं. ट्रेनमध्ये मी वाक्यं जुळवत होते.

तिने चहा केला, आलं किसून. मी घसा साफ केला. "हे बघ, तुला वाईट वाटेल, पण मला वाटतं भाऊजी क्रिकेटवर पैसे लावतात."

ती म्हणाली, "नाही ताई. तो नाही लावत."

"तुला माहीत नसेल..."

"मी लावते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने कप खाली ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. साइटच्या पानावर वर तिच्या नवऱ्याचं नाव होतं आणि त्याच्या बाजूला आकडा. चांगली नवी गाडी येईल एवढा.

ती मूळची अहमदनगरची. वडील शाळेत शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या क्लब सामन्यांचे पंच. मुलगा नव्हता, म्हणून हिला बरोबर न्यायचे आणि स्कोअर लिहायला बसवायचे. हिने शाळा सुटेपर्यंत शेकडो सामने मैदानाच्या कडेला बसून पाहिले होते. इचिकावात आल्यावर दुपारी घर आवरून झालं की ती इंटरनेटवर जगातले कुठलेही सामने वाचत बसायची: चेंडू चेंडू वर्णन, खेळपट्टीचा अंदाज, कोणाचा खांदा दुखतोय. साइटवर जाहिरात दिसली. खातं उघडायला कार्ड लागत होतं. घरात एकच कार्ड, नवऱ्याच्या नावाचं. त्याला विचारून, "गंमत म्हणून थोडे लावू का" म्हणून, तिने उघडलं. तो विसरून गेला. ती विसरली नाही.

"इथे बसून पैसे लावणं गुन्हा आहे, हे माहीत होतं तुला?"

"नव्हतं. शपथ. साइट इंग्रजीत, पैसे डॉलरमध्ये. मला वाटलं जपानचा काय संबंध." तिचा चेहरा उतरला होता. "काढायला गेले तेव्हा पासपोर्टची प्रत मागितली. नावाच्या माणसाची. मग त्याला सांगावंच लागलं."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, तुला टिप कोण देतं?"

हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. त्याचा विश्वासच बसत नव्हता. कोणी तरी सट्टेवाला हिच्याशी चॅटवर बोलतोय, हिला पुढे करून पैसे फिरवतोय, उद्या घरी पोलीस येतील, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. पुढचं त्या संध्याकाळी कळलं: तिच्या पाठीमागे तो आमच्या कॉम्प्युटरवर बसून खात्याचे व्यवहार तपासायचा; नाव कुठे सापडतं का ते बघायचा. माझ्या नवऱ्याला त्याने सांगितलं होतं ते एवढंच, की आपल्या खात्यात काही पैसे अडकलेत आणि बायकांना कळता कामा नये. आम्ही चौघं गेला महिनाभर एकमेकांकडे असे बघत होतो, प्रत्येकाचा संशय वेगळ्याच माणसावर.

त्या संध्याकाळी मी तिथेच थांबले. दोन्ही नवरे आले. सगळं टेबलावर मांडून बोलणं झालं आणि ते काही गोड नव्हतं. भाऊजी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "एखाद-दुसरा अंदाज बरोबर येतो, मान्य. पण इतके?"

"मग तूच सांग कोण देतं," ती म्हणाली.

भाऊजींनी कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि व्यवहार पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागले.

पैसे काढणं तरी सोपं कुठे होतं. आधी पासपोर्ट. मग पत्त्याचा पुरावा. विजेचं बिल पाठवलं तर ते जपानीत, वाचता येत नाही म्हणाले. मी इंग्रजी करून दिलं. मग कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत. दर वेळी नवीन माणूस, नवीन नाव, तीच गोड भाषा. मला तर खात्रीच होती, की पैसे मिळणार नाहीतच, उलट हे आमचे कागद कुठे तरी विकतील. भाऊजींनी कार्ड बंद करून नवीन मागवलं. पुण्याच्या खात्यात पैसे घ्यायचा बेत तर साइटनेच मोडला: नाव तेच हवं, खातं त्याच माणसाचं. पासबुक माझ्या साड्यांखालीच राहिलं, आणि मी ते लगेच जागेवर ठेवलं असंही नाही.

आणि मग, आम्ही आशा सोडल्यावर, पैसे आले. भाऊजींच्या इथल्या खात्यात.

दुसऱ्या दिवशी बँकेने त्यांना ऑफिसात फोन केला. इंग्लंडातून रक्कम आलीय, कशाची ते कळवा. भाऊजी मीटिंगमधून उठून जिन्यात गेले आणि तिथून त्यांनी मला फोन लावला. "वहिनी, भावाने पाठवले म्हणून सांगू? घर घ्यायला?"

"भाऊ इंग्लंडात आहे का तुमचा?"

"नाही."

"पाठवणाऱ्याचं नाव बँकेला दिसतंय. खोटं बोलू नका, नंतर सांभाळता येणार नाही. विचारून सांगतो म्हणा आणि फोन ठेवा."

त्या शनिवारी मी त्या दोघांना सेन्सेईंकडे घेऊन गेले. आधी सेन्सेईंच्या ओळखीच्या वकिलाशी त्यांचं बोलणं झालं होतं. त्याने खेळणं त्या क्षणापासून बंद करायला सांगितलं आणि साइटवरचं खातंही. पुढचं कसं होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही, असंही स्पष्ट सांगितलं. तिने खातं त्याच दिवशी बंद केलं होतं.

सेन्सेईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तो मी भाषांतर करताना अडखळले. "हे पैसे कोणाचे?"

"माझ्या खात्यात आलेत," भाऊजी म्हणाले.

"खातं विचारत नाहीये. खरोखर कोणी मिळवले ते विचारतेय. नाव कोणाचंही असो, कर ज्याने मिळवले त्याच्यावर." मग कागदावर दोन उभे रकाने करून त्यांनी समजावलं. भाऊजींचं उत्पन्न धरलं तर पगारात मिळून वरच्या दराने कर, आणि कंपनीला वास येणार. तिचं धरलं तर तिला दुसरं उत्पन्नच नाही. कर बराच कमी. भाऊजींची बायकोच्या नावाची सवलत त्या वर्षी जाईल, तेवढंच.

मी मराठीत सांगून संपवलं, आणि भाऊजी खुर्चीत ताठ झाले.

"हिचेच आहेत," ते म्हणाले. "वहिनी, सांगा त्यांना. सगळं हिनेच केलंय. मी कधी बघितलंही नाही. सामने दुपारी व्हायचे, मी ऑफिसात असायचो. हिच्या वडिलांनी शिकवलंय हिला, लहानपणापासून!"

मी ते जपानीत सांगितलं नाही. मला त्यांच्या बायकोकडे बघायचं होतं. ती भाऊजींकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आता टिप कोणी दिली नाही वाटतं?"

भाऊजी लाल झाले. सेन्सेईंना शब्द कळले नव्हते, तरी त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मग भाऊजींना दुसरी बाजू सुचली. तिच्या नावाने रिटर्न भरायचं म्हणजे खेळले हे तिने सरकारला लिहून द्यायचं. पुढे पोलिसांचं काही निघालं तर ती अडकणार. "नको," ते म्हणाले, "माझ्या नावाने भरू. जास्त कर गेला तर जाऊ दे." हे ते मनापासून म्हणाले, असं मला त्या वेळी वाटलं. तिला तसं वाटलं की नाही, माहीत नाही.

"माझे आहेत," ती म्हणाली. "माझ्या नावाने भरा."

कर कार्यालयात मी तिच्याबरोबर गेले. सेन्सेईंनी सगळं तयार करून दिलं होतं: कधी पैसे लावले, कुठल्या सामन्यावर, किती आले. अधिकारी तरुण होता, पण नजर जुनी. त्याने कागद उलटसुलट वाचले.

"घोडे?" त्याने विचारलं.

"क्रिकेट."

"ते... बेसबॉलसारखं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

त्याने आमच्या दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. "आणि खेळल्या कोण? पती?"

"मी," तिने जपानीत उत्तर दिलं. तिने घरी एवढं एक वाक्य घोटून आणलं होतं: "मी खेळले. आता बंद केलं."

त्याचा विश्वास बसला असं नाही. त्याने काही सामन्यांच्या वेळा विचारल्या, पती त्या वेळी कुठे होते विचारलं, एका नोंदीवर बोट ठेवून इथे जिंकायची शक्यता कमी दिलेल्या संघावर का लावले असं काहीसं विचारलं, तेव्हा तिने त्याला पावसामुळे ओली राहिलेली खेळपट्टी आणि फिरकी गोलंदाज समजवायला सुरुवात केली आणि मी भाषांतर करता करता हरले. शेवटी त्याने शिक्का मारला. आम्ही खाली उतरून समोरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, गरम कॉफीचे दोन डबे घेतले. तिच्या डब्याचं झाकण मी उघडून दिलं.

कर भरला. बँकेलाही खरं ते कळवलं. पोलीस आले नाहीत. पण पुढे कित्येक महिने दारावरची घंटा वाजली की ती आधी पडद्याआडून बघायची, असं तिनेच सांगितलं. आणि भाऊजींनी कायम वास्तव्याचा अर्ज भरला तेव्हा तो मंजूर होईपर्यंत दोघांचं वजन उतरलं होतं. उरलेल्या पैशांचं तिने स्वतःच्या नावाने खातं उघडलं, इथे सहीऐवजी लागतो तो स्वतःच्या नावाचा शिक्का कोरून घेतला. त्यातल्या काही पैशांत जपानीचा वर्ग लावला आणि नंतर एका बालवाडीत नोकरी धरली.

माझ्या घरी मात्र जरा वेळ लागला. नवऱ्याने मला सांगितलं नाही ते मित्राखातर, हे मला पटलं होतं. तरी तो गॅलरीत फोन घेऊन गेला की मी भांडी घासताना नळ बारीक करायचे. त्याला ते कळायचं. एकदा तो आत येऊन म्हणाला, "आई होती फोनवर. बोलतेस?" मी ओले हात पुसून फोन घेतला. खरंच सासूबाई होत्या.

परवा-परवापर्यंत आम्ही चौघं सामना बघायला एकत्र जमायचो. भाऊजी टॉसच्या आधी बायकोला विचारायचे, "काय वाटतं, कोण?" ती म्हणायची, "मला काय माहीत." ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, आणि सामना तिला हवा तसा संपला की माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागायचे, "तुला अजून सांगतो, कोणी तरी होतं." ते तिला ऐकू यायचं. ती सगळ्यांच्या ताटल्या गोळा करून आत न्यायची.